पाठ, स्मरण आणि आर्ती

नित्यनेमाविषयी वासनिक मंडळी आश्रमात येऊन जे प्रश्न विचारतात त्यांत एक प्रश्न फिरून फिरून येतो. पंचकृष्णांची नामे, प्रार्थना, आरती हे सारे मुखोद्गत आहे, त्यात सहसा खंडही पडत नाही. तरी पाठ संपल्यावर आपण काय म्हटले ते आठवत नाही. तेवढ्या वेळात मन शेतात, दुकानात, नाही तर कोर्टकज्जात फिरून आलेले असते. या प्रश्नाला जोडूनच, थोड्या संकोचाने, दुसरा प्रश्न येतो : परमेश्वराशी आपल्या साध्या शब्दांत बोललेले चालते काय? पहिल्या प्रश्नाला ‘मन एकाग्र करावे’ एवढे सांगून आपण उपदेशक मोकळे होतो, आणि दुसऱ्याला बहुधा उत्तरच देत नाही. वास्तविक हे दोन प्रश्न एकच आहेत, आणि त्यांचे उत्तर आपल्या ग्रंथपरंपरेत फार स्पष्ट आहे. त्याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘प्रार्थना’ या शब्दाच्या मुळाशी मागणे आहे. जो प्रार्थना करतो त्याला काहीतरी हवे आहे, हे त्या शब्दानेच मान्य केलेले असते. आपल्या मार्गात साधकाच्या नित्य आचाराला जो शब्द मुख्यत्वे लावला जातो तो ‘स्मरण’ हा आहे. दोहोंत फरक असा की, मागणाऱ्याचा आरंभ स्वतःपासून होतो, स्मरण करणाऱ्याचा आरंभ ज्याचे स्मरण करावयाचे त्याच्यापासून होतो. यावरून कोणी असे समजेल की, स्मरणात साधकाच्या स्वतःच्या सुखदुःखाला जागाच नाही. तसे नाही. ती जागा आहे, पण ती नंतर येते. आणि नंतर आल्यामुळेच तिला खरेपणा येतो. हे कसे ते पुढे दिसेल.

स्मरण हे प्रकार आपल्या मार्गात मध्यवर्ती का झाले, याचे कारण मार्गाच्या इतिहासात आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी उत्तरापंथे गेल्यावर भक्तजनांना त्यांचे सन्निधान राहिले नाही. श्रीनागदेवाचार्य, म्हणजे आपले भटोबास, ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. पुढे श्रीप्रभूंचेही सन्निधान गेले. ज्यांनी श्रीमूर्ती डोळ्यांनी पाहिली, श्रीमुखीचे निरूपण कानांनी ऐकले, त्यांच्या वाट्याला असन्निधान आले. अशा स्थितीत भटोबास एकांती बसून काय करीत, हे स्मृतिस्थळात नमूद आहे. म्हाइंभटांनी त्यांना मनन करताना पाहिले आणि काय करता म्हणून विचारले. भटोबासांनी सांगितले की, सर्वज्ञांच्या लीळांचे मनन करीत आहोत. त्यावर म्हाइंभटांच्या मनात आले की, या लीळा यांच्याजवळ आहेत तोवर आहेत. पुढे येणाऱ्या साधकांनी काय करावे? त्यातून लीळांचा संग्रह करण्याचे ठरले, आणि मराठी भाषेला लीळाचरित्र मिळाले.

हा प्रसंग वाङ्मयाचे इतिहासकार सांगतात तेव्हा त्यांचे लक्ष ग्रंथाच्या निर्मितीवर असते, आणि ते त्यांच्या दृष्टीने योग्यच आहे. साधकाने मात्र त्या प्रसंगाच्या आरंभावर लक्ष ठेवावे. ग्रंथ नव्हता तेव्हा मनन होते. जो ग्रंथ आज आपण पारायणासाठी चौरंगावर ठेवतो तो मुळात एका विरही भक्ताचे, कोणी पाहत नसताना चाललेले खाजगी स्मरण होते. लीळाचरित्राचा उपयोग जर पुन्हा त्याच कामासाठी झाला नाही, तर आपण त्या ग्रंथाला उलट्या बाजूने धरले आहे असे म्हणावे लागेल.

भटोबास मननात काय आठवीत असतील, याचे अनुमान ग्रंथाच्या स्वरूपावरून करता येते. लीळाचरित्रात परमेश्वराच्या गुणांची सामान्य वर्णने फार थोडी. तेथे गाव आहे, गावातले ठिकाण आहे, कोण कोण जवळ होते त्यांची नावे आहेत, पूजावसर झाला की आरोगणा झाली होती हे सांगितले आहे, कोणी काय विचारले आणि त्याला काय उत्तर मिळाले हे आहे. म्हाइंभटांनी ज्याच्या त्याच्या तोंडून ज्याची त्याची लीळा मिळविली. पुढील काळी एकाच लीळेची दोन स्मरणे भिन्न निघाली तेव्हा एक खोडून दुसरे ठेवले असे झाले नाही. अमक्याचा शोध असा, तमक्याचा शोध असा, असे दोन्ही नोंदविले गेले. आधुनिक संशोधक या काटेकोरपणाचे कौतुक करतात. पण तो काटेकोरपणा संशोधनासाठी नव्हता. ज्याच्यावर प्रेम असते त्याच्याविषयी माणूस मोघम आठवत नाही. आईच्या मायेचे सामान्य वर्णन कोणीही करील. तिच्या मुलाला मात्र तिचा पदर कोणत्या बाजूला ओलसर असे तेही आठवते.

आपले स्मरण कोरडे का होते, याचे एक मोठे कारण येथे सापडते. आपण मोघम आठवतो. ‘हे दयाळा, हे कृपाळा, हे अनाथांच्या नाथा’ असे म्हणताना मनापुढे काहीच उभे राहत नाही, आणि रिकाम्या जागेवर मन थांबत नाही. ते शेताकडे निघून जाते यात मनाचा फारसा दोष नाही. त्याला थांबावयास ओटाच दिलेला नाही.

आपल्या मार्गात स्मरणाचे प्रकार चार सांगितले जातात : नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा. यांपैकी नामाचा अभ्यास घरोघर आहे. मूर्तीच्या स्मरणाला केसोबासांचा मूर्तिप्रकाश साह्य करतो. चेष्टा म्हणजे श्रीमूर्तीचे चालणे, बसणे, पाहणे, हात उचलणे या लहानसहान क्रिया. या प्रकारात मन रमावयास बराच अभ्यास लागतो, म्हणून त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. संसारी साधकाला सर्वांत सुलभ आणि सर्वांत दुर्लक्षित प्रकार लीळेचा आहे. दुर्लक्षित अशासाठी की, लीळा आपण ऐकतो, सांगतो, तिच्यावर निरूपणे करतो. तिचे स्मरण मात्र करीत नाही. लीळा सांगणे वेगळे आणि लीळेपाशी बसणे वेगळे.

उदाहरणासाठी सर्वांना ठाऊक असलेली सशाची लीळा घेऊ. श्रीगोसावी वृक्षाखाली बसलेले आहेत. पारध्यांनी उठविलेला ससा कुत्र्यांपुढे धावत येतो आणि श्रीगोसावियांच्या जानूखाली शिरतो. मागोमाग पारधी येतात. ते दांडगाई करीत नाहीत. ससा सोडावा अशी विनवणी करतात, आणि कारणही सांगतात. हा ससा होडेचा आहे. त्याच्यापायी आपसात सुऱ्या निघावयाची वेळ आली आहे. श्रीगोसावी सांगतात की, तो येथे शरण आलेला आहे. पारध्यांना ते पटते आणि ते त्याचा नाद सोडतात. मग श्रीगोसावी जानू उचलतात, त्या सशाला ‘महात्मा’ म्हणून संबोधितात आणि आता जावे असे सांगतात.

ही लीळा आपण ‘सर्वज्ञांची अहिंसा’ या मथळ्याखाली शेकडो वेळा ऐकलेली असते. मथळा दिला की लीळा संपते. स्मरण करणाऱ्याने मथळा बाजूला ठेवावा आणि नुसते तेथे बसावे. घाई करू नये. प्रथम ससा पाहावा : त्याची धाप, त्याचे थरथरणे, त्याने श्रीगोसावियांना ओळखलेले नाही, त्याला केवळ आडोसा हवा आहे, आणि तरीही ग्रंथ त्याला शरणागत म्हणतो. मग पारधी पाहावे. ते दुष्ट नाहीत. होड लागलेली आहे, चार माणसांत शब्द गेलेला आहे, आणि हातचे सावज एका वृक्षाखाली बसलेल्या महापुरुषाने अडविले आहे. त्यांना ते सोडून द्यावे लागले. त्या होडेचे पुढे काय झाले, याचा विचार आपण कधी केला आहे काय? शेवटी श्रीगोसावियांचे ते संबोधन ऐकावे. ज्या जीवाला नाव नाही, ज्याची मोजदाद केवळ होडेत होती, त्याला श्रीमुखे ‘महात्मा’ म्हटले गेले.

एवढे पाहून झाल्यावर साधकाने स्वतःला एकच प्रश्न करावा : आज या लीळेत मी कोठे आहे? येथे स्मरण आपलेसे होते. ज्याच्या मागे सावकाराचा तगादा लागला आहे तो सशाजवळ बसेल. ज्याने भावाच्या वाटणीत पैज मारल्यासारखा हट्ट धरला आहे त्याला, खरे बोलावयाचे तर, पारध्यांच्या रांगेत उभे राहावे लागेल. आणि तेथे उभे राहून श्रीगोसावियांकडे पाहणे हे फार अवघड स्मरण आहे. एकाच साधकाला सोमवारी एक जागा आणि गुरुवारी दुसरी मिळेल. कोणत्याही दिवशी आपली जागा आपण निवडलेली नसते. दिवसभर जसे वागलो तशी ती ठरलेली असते. मनाशी खरे असावे एवढेच.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना करणे अवश्य आहे. लीळेत जे नाही ते तिच्यात घालू नये. आपल्या कल्पनेने संवाद रचणे, श्रीगोसावियांच्या मुखी आपल्याला सोयीची वाक्ये घालणे, हे स्मरण होत नाही. म्हाइंभटांनी एकेका शब्दासाठी घेतलेल्या कष्टांचा तो अपमान आहे. अलीकडे काही निरूपणकार रंजनासाठी लीळांना असे ठिगळ लावतात, ते त्यांनी थांबवावे हे बरे. दुसरी सूचना अशी की, ससा वाचला म्हणून माझा खटलाही निकालात निघालाच पाहिजे, असा हिशेब लीळेतून काढू नये. लीळा ही हुंडी नाही.

आता पाठाविषयी. वरील विवेचनावरून पाठांतर निरुपयोगी आहे असा ग्रह कोणाचा होण्याचा संभव आहे, आणि तसा ग्रह नव्या शिकलेल्या मंडळींत दिसतोही. तो चुकीचा आहे. परंपरा असे सांगते की, खालशाच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, आणि ज्यांच्या मुखी लीळा होत्या त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा सिद्ध करावी लागली. त्यांत हिराइसेचे नाव आदराने घेतले जाते. ती एकपाठी होती. एकदा ऐकलेले तिच्याजवळ राहत असे. त्या काळी मुखोद्गत पाठ नसता तर आज आपण कशाचे स्मरण केले असते? म्हणून पाठाला कमी लेखणाऱ्याने हिराइसेला आधी दंडवत घालावे.

दोष पाठात नाही. तो वेगात आणि संख्येत आहे. इतकी नामे, इतक्या घटिकांत, असा हिशेब सुरू झाला की स्मरणी बोटांत फिरते आणि साधक तिच्या मागे धावतो. तीर्थाटनाचेही तेच झाले आहे. स्थानपोथीत एकेका स्थानाची नोंद पाहा : कोठे आसन, कोठे आरोगणा, कोठे पहुड, कोठून कोणत्या दिशेला किती अंतरावर काय. ती नोंद ठेवणाऱ्याची अपेक्षा अशी होती की, येणाऱ्याने त्या ओट्यापाशी ती एक लीळा आठवावी. आता गाडी करून यात्रा निघते, एका दिवसात ऋद्धिपूर उरकून पुढचे गाव गाठावयाचे असते. ओट्यावर माथा टेकविला, विडा वाहिला, निघाले. हे ओटे कशाचे म्हणून परत आल्यावर विचारावे तर एकाचेही उत्तर मिळत नाही. एका यात्रेत एकाच ओट्यापाशी अर्धा प्रहर बसून घरी परतलेला वासनिक आमच्या दृष्टीने अधिक स्थाने करून आला. पूजाघरात मोबाइलवर आरती लावून आपण स्वयंपाकाला लागणे हाही त्याच वेगाचा प्रकार आहे. यंत्राचे स्मरण यंत्रालाच फळेल.

आरतीवरून आठवले म्हणून सांगतो. ‘आरती’ हा शब्द ‘आरात्रिक’ या शब्दापासून आलेला आहे. त्याचा संबंध दीपाशी. ‘आर्ती’ म्हणजे पीडा, तळमळ, अंतःकरणाला लागलेली ओढ. दोन शब्द कानाला जवळचे वाटतात, म्हणून अनेक जण त्यांना एकच समजतात. नित्यनेमात पहिली असते. दुसरी नसेल तर पहिली केवळ उजेड.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आपल्या शब्दांत बोललेले चालते काय? या प्रश्नाचे उत्तर देताना पुन्हा भटोबासांकडेच जावे लागते. केशवदेव आणि पंडित हे संस्कृतातले विद्वान. त्यांनी संस्कृतात प्रश्न केला तेव्हा भटोबासांनी सांगितले की, आपणांस सर्वज्ञांनी मराठीत निरूपिले आहे, तेव्हा त्याच भाषेत पुसावे. आणि संस्कृतात ग्रंथरचना करण्याचा विचार निघाला तेव्हा त्यांनी तो नाकारला. कारण त्यामुळे त्यांच्या म्हाताऱ्या बाया वंचित झाल्या असत्या. हा प्रसंग मराठीच्या अभिमानाचा म्हणून आज सर्वत्र सांगितला जातो. 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हाही त्याची पुष्कळ आठवण काढली गेली. परंतु भटोबासांच्या मनात भाषेचा अभिमान होता असे प्रसंगावरून दिसत नाही. त्यांच्यासमोर विशिष्ट म्हाताऱ्या होत्या. ज्यांना काही पुसावयाचे होते, काही सांगावयाचे होते. त्या ज्या शब्दांत घरी बोलतात त्याच शब्दांत परमेश्वराचे ज्ञान त्यांना मिळावे, एवढी ती काळजी होती. ज्या मार्गाने ज्ञान म्हाताऱ्यांच्या बोलीत आणले, तो मार्ग त्या म्हाताऱ्यांना परमेश्वराशी बोलताना मात्र बोली सोडावयास कशी सांगेल?

महदाइसेचे उदाहरण याहून बोलके आहे. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाचा प्रसंग योजिला गेला तेव्हा तिला धवळे गावयास सांगण्यात आले, आणि तिने ते तेथेच रचून गायिले. धवळे हा काही शास्त्री-पंडितांचा प्रकार नव्हे. लग्नघरी बायका म्हणतात ती गाणी. तिने परमेश्वराची सेवा घरातल्या गाण्याने केली आणि ती मान्य झाली. हीच महदाइसा सर्वज्ञांपाशी प्रश्नांमागून प्रश्न विचारीत असे, आणि तिच्या जिज्ञासेचे कौतुकच झाले. जिला प्रश्न होते तिनेच गाणे रचिले, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्या पंजाबातील बंधूंनीही पिढ्यानपिढ्या पोथ्या मराठीत वाचल्या आणि घरी पंजाबीत देवाला हाक मारली. त्यात कोणाला विसंगती वाटली नाही.

तेव्हा आपले शब्द चालतात. मात्र कोणते शब्द, हे पाहावे लागते. पहिले म्हणजे अनुशोचाचे. अनुशोच म्हणजे घडलेल्या दोषाविषयी अंतःकरणात उठणारे दुःख. त्याने दोष झिजतो अशी आपली धारणा आहे. परंतु आपण अनुशोचही मोघम करतो. ‘मी पापी, मी अपराधी, माझे अनंत दोष’ असे म्हणावयास काहीच लागत नाही. उलट तसे म्हटल्याने थोडे बरे वाटते, आणि येथेच फसगत आहे. ‘आज धाकट्या जावेला मापात धान्य कमी घातले’ असे म्हणून पाहावे. ‘बांध कोरताना शेजारी गावाला गेला आहे हे मला ठाऊक होते’ असे म्हणून पाहावे. जीभ अडखळते. जेथे जीभ अडखळते तेथे अनुशोचाचा आरंभ झाला असे समजावे. आणि मग ‘मी अपराधी’ या जुन्या पाठातील शब्दालाही, दुसऱ्या दिवशी तो म्हणताना, वजन येते. कारण आता त्याच्या मागे धान्याचे ते माप उभे असते.

दुसरे शब्द मागण्याचे. आणि येथे विषय नाजूक आहे. आपले शास्त्र अन्यव्यावृत्ती शिकवते. संसारातील भोग जीवाला त्याच्या कर्मानुसार देवतांच्या द्वारे मिळतात. परमेश्वर मोक्षदाता आहे. त्याच्यापाशी जाऊन पीक, पुत्र, नोकरी मागणे म्हणजे राजाच्या दारी जाऊन कोंडा मागण्यासारखे. सिद्धान्त असा आहे आणि तो सोडता येत नाही. परंतु ज्या आईच्या मांडीवर मूल तापाने फणफणत आहे तिला हा सिद्धान्त सांगून आपण नेमके काय साधतो? ती मागणारच. प्रश्न एवढाच उरतो की, ती कोणाकडे मागेल. मार्गात मागण्याची मनाई आहे असे तिला वाटले तर ती निष्काम होत नाही; ती गावाबाहेरच्या दैवताला कोंबडे कबूल करावयास जाते. असे झालेले आम्ही पुष्कळ घरांत पाहिले आहे.

ऋद्धिपुरीच्या लीळांत अशी एक लीळा आहे की, मातंगांना पाणी नव्हते आणि त्यांनी श्रीगोविंदप्रभूंना विनविले. प्रभूंनी त्यांच्या पाण्याची सोय केली. त्या विनवणीत तत्त्वज्ञान नव्हते, आणि मोक्षही मागितलेला नव्हता. पाणी नाही, एवढे ते बोलले. यावरून आमचे मत असे झाले आहे की, दुःख परमेश्वरासमोर ठेवणे आणि परमेश्वराशी सौदा करणे यांत भेद केला पाहिजे. ‘मूल आजारी आहे, मला भय वाटते’ हे दुःख ठेवणे झाले. ‘मूल बरे झाले तर अमुक करीन’ हा नवस झाला. त्यात परमेश्वराला गिऱ्हाईक केले जाते. पहिले बोलावे, मुक्तपणे बोलावे. दुसरे टाळावे. काही विद्वान महात्म्यांना पहिलेही मान्य नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांनी एकदा रुग्णालयाच्या पडवीत रात्र काढलेल्या वासनिक बाईशी यावर चर्चा करावी.

आणि मूल गेले तर? हा प्रश्न कल्पनेतला नाही. एका गावी एका बाईचा तरुण मुलगा विहिरीचे काम करताना गेला. तिने नित्यनेम सोडला. देवपूजेतील विशेष वस्त्रात गुंडाळून फडताळात ठेवून दिले. वर्षभराने ती आश्रमात आली ती क्षमा मागावयास नव्हे; तिला विचारावयाचे होते की, देवावर राग आलेला असताना त्याच्यासमोर बसणे हा दोष आहे काय. तेथे असलेल्या एका वृद्ध तपस्विनीने तिला कर्मसिद्धान्त सांगितला नाही. तिने एवढेच सांगितले की, राग आला आहे तो फडताळाला सांगू नये, त्यालाच सांगावा. विशेष बाहेर काढून समोर ठेवावे आणि जे म्हणावयाचे ते मुलाचे नाव घेऊन म्हणावे.

या उत्तराला ग्रंथाचा आधार आहे काय, असे कोणी विचारील. आहे. सर्वज्ञ निघून गेल्यावर भक्तजनांनी जो शोक केला तो मर्यादेत राहिलेला शोक नव्हता. भटोबासांसारख्या ज्ञानियाची जी अवस्था झाली ती परंपरेने लपविली नाही. ज्ञान असूनही दुःख झाले, आणि ते दुःख त्यांनी दुसरीकडे नेले नाही; त्याच दुःखाचे मनन झाले, आणि त्या मननापासून या लेखाचा आरंभ आपण केला आहे. आपल्या मार्गातले स्मरण मुळातच वियोगी माणसांचे स्मरण आहे. ज्याचे कोणी गेले आहे तो या स्मरणाला परका कसा ठरेल? ती बाई पुढे नित्यनेम करू लागली. पूर्वीसारखा अस्खलित नाही, मध्येच थांबते, असे तिच्या सुनेने सांगितले.

आता अभ्यासाविषयी थोडे. पहाटे किंवा निजण्यापूर्वी, घरातील गलबला थांबलेला असतो अशी वेळ घ्यावी. विशेषांना वंदन करून बसावे. नित्यनेमाचा पाठ जेवढा गुरूंनी दिला असेल तेवढा करावाच. तो कमी करू नये, वाढवूही नये, परंतु सावकाश म्हणावा. त्यानंतर एक लीळा घ्यावी. रोज नवी घेण्याचा मोह होतो, कारण नवेपणाने मन रंजते. एक लीळा निदान आठ दिवस ठेवावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा येतो. तो आला म्हणून लीळा बदलू नये, कारण पूर्वी ज्याच्याकडे लक्ष गेले नव्हते असे काही बहुधा त्यानंतरच दिसू लागते. लीळेपाशी बसल्यावर आपल्या शब्दांत एक वाक्य बोलावे, एकच, आणि ते खरे असावे. दहा वाक्ये बोलू लागलो की त्यांतली नऊ सजविलेली निघतात. काहीच बोलावयाचे नसेल तर बोलू नये, तेवढा वेळ मौन राहावे. मौनात मन भटकले तर त्याच्याशी भांडू नये. सशाच्या धापेकडे पुन्हा वळावे.

काही दिवस असे येतील की, लीळा आठवते पण काहीच हलत नाही. तेव्हा पाठ कामास येतो. आपली आर्ती आटलेली असते त्या दिवशी ज्यांची आटली नव्हती अशांच्या शब्दांना धरून बसावयाचे. पाठ आपल्यासाठी जपून ठेवला गेला तो अशाच दिवसांकरिता.

घरातील लहान मुलांविषयीही याच ओघात सांगावेसे वाटते. त्यांना संपूर्ण आरती किती लवकर म्हणता येते याची पाहुण्यांसमोर परीक्षा घेण्याची रीत आहे. त्याऐवजी आठवड्यातून एक लीळा त्यांना सांगावी. गाव, झाड, माणसांची नावे, सारे तपशील न गाळता सांगावी, आणि सांगून झाल्यावर तात्पर्य विचारू नये. तू तेथे असतास तर कोठे बसला असतास, एवढे विचारावे. मुले या प्रश्नाचे उत्तर फार लवकर देतात, आणि त्यांच्यातील बहुतेक जण झाडावर चढून बसतात.